मॉरीनबाईंचा पॉझ

मॉरीन टॅप्लो जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या तालमीच्या खोलीत शिरल्या तेव्हा ऊर्मिलेला वाटलं, आगगाडीच आत आली. त्यांच्या ‘गुड ईव्हनिंग’ने खिडकीवरची कबुतरं जी उडाली, ती साठ किलोमीटरवरच्या ब्राउनश्वाइगच्या अलीकडे टेकली नसावीत. त्यांनी ऊर्मिलेचा हात असा काही हलवला, की तिचा खांदा आठवडाभर स्वतंत्र संस्थान होता. “तू प्रॉम्प्टर!” असं जाहीर करून बाई पुढे गेल्या. ऊर्मिला बिचारी नवऱ्याला घरी न्यायला आली होती. शेखर दिवसा इंजिनियर आणि संध्याकाळी बाईंच्या नाटकाचे दिवे सांभाळणारा.

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या थिएटरांत बाईंनी मोलकरणी, राण्या आणि प्रेतं, सगळं केलं होतं. मग ब्रिटिश सैनिकांपुढे नाटकं करायला जर्मनीत आल्या आणि राहूनच गेल्या. इथे दंतवैद्य, इंजिनियर असे हौशी जीव गोळा करून त्या इंग्रजी नाटकं बसवत. २००३ साली, सत्तरीला टेकल्यावर, मुख्य भूमिका त्यांनी स्वतःच घेतली. अलीकडे त्या वाक्यं विसरतात, हे प्रॉम्प्टर म्हणून फक्त ऊर्मिलेला ठाऊक होतं. चारचौघांत कळलं असतं तर बाईंचं रंगमंचावर उभं राहणं संपलं असतं.

“पण माझ्या पॉझमध्ये तोंड उघडलंस,” बाईंनी बजावलं होतं, “तर गळा दाबीन!”

प्रयोगात दुसऱ्या अंकाला बाई खिडकीपाशी थांबल्या. थांबल्याच. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं आणि ओशाळलं.

“शेखर, हा पॉझ आहे की विसरल्यात?” विंगेत ऊर्मिला कुजबुजली.

“मला काय विचारतेस? माझ्याकडे फक्त बटणं आहेत.”

“बोलले तर गळा दाबतील रे!”

“मग नको बोलूस.”

“आणि विसरल्या असतील तर?”

बाईंचा चेहरा भव्यच होता. पाठीमागची बोटं मात्र पडदा चाचपत होती. साताऱ्याच्या हौशी नाटकांत ती एक गोष्ट शिकली होती: अडलेल्या नटाला आत जाऊन सांभाळून घ्यायचं. तिने विंगेतला चहाचा ट्रे उचलला आणि सलवार-कमीजमध्येच सरळ मंचावर गेली.

“मॅडम, डॉक्टर आलेत. आत पाठवू?”

बाईंचे डोळे पेटले.

“त्यांना सांग, मी मेले!” बाई गरजल्या, आणि पुढचं नाटक धो धो वाहू लागलं.

पडदा पडल्यावर त्या विंगेत आल्या.

“तो पॉझ होता.”

“हो, बाई.”

“उत्तम पॉझ होता.”

“हो, बाई.”

“उद्याही ट्रे घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशीचा प्रयोग तिकिटं न खपल्यामुळे रद्द झाला. त्यानंतर बाईंनी भूमिका केली नाही.