भिकाजीचं ग्रीनिच

भिकाजी पाटणकर दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधायचा. डाव्या हातावर आपली वेळ, उजव्या हातावर विलायतेची. एकोणीस वर्षं तो एका मालवाहू बोटीवर कपडे धुवायला होता. निवृत्त होऊन रत्नागिरीला मांडवीत आला, तेव्हा मात्र बोट यानेच हाकली असावी असं त्याच्या बोलण्यावरून वाटे. जपानात आता काय वाजले असतील, मस्कतमध्ये दुकानं उघडली असतील का, आफ्रिकेत दिवेलागण झाली का, हे कोणी विचारलं नाही तरी तो सांगे. मच्छीबाजारात बांगड्याचा भाव करता करता सांगे. एकदा मयताला गेला असताना सांगितलं होतं.

त्याची चुलत बहीण आनंदीबाई हे सगळं ऐकून घेई आणि कपाळाला आठ्या घाली. ती पुण्याला राहून बी.ए. झालेली, डॉक्टरांची बायको. डॉक्टर गेले तरी दवाखान्याचा टेलिफोन तिने ठेवला होता. आळीत दुसरा नव्हता. त्यामुळे ज्यांची मुलं आखातात होती ती माणसं फोनसाठी तिच्याकडे आणि फोनची वेळ ठरवायला भिकाजीकडे जात. हा विभागून दिलेला मान तिला मुळीच आवडत नसे.

"भिक्या, पश्चिमेला गेलं की घड्याळ मागे का जातं रे?" तिने एकदा विचारलं होतं.

"बोटीवर स्टुअर्ड येऊन सांगायचा, आक्का. आज रात्री काटा एक तास मागे घ्या."

"आणि तो का सांगायचा?"

"कॅप्टनची ऑर्डर."

एकोणीस वर्षं पृथ्वीला फेऱ्या मारून या माणसाने एवढंच जमवलं होतं. सूर्य कॅप्टनच्या हुकमाने उगवतो.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मुंबईच्या एजंटाची तार आली. भिकाजीचा मुलगा रघू दीड वर्ष खलाशाच्या जागेसाठी खेटे घालत होता. सगळे कागद झाले होते, डॉक्टरी तपासणी झाली होती, आता फक्त इंग्लंडातला कंपनीचा साहेब स्वतः फोनवर बोलून पोराचं इंग्रजी पाहणार होता. शुक्रवारी, सकाळी नऊ वाजता, जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची वेळ. पोरगा फोनवर भेटला नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला. तार आळीतल्या प्रत्येकाने हातात घेऊन पाहिली. एवढी नीट तार आनंदीबाईने जन्मात पाहिली नव्हती.

"नऊ म्हणजे आपले दीड," भिकाजीने उजवं मनगट डोळ्यांसमोर धरून जाहीर केलं.

"साडेपाच तासांचा फरक ना रे? शाळेत तरी तेच शिकवलं," आनंदीबाई म्हणाली. "मग अडीच होतात."

भिकाजी हसला. हे हसणं त्याने खास अशा प्रसंगांसाठी राखून ठेवलेलं होतं. "आक्का, ते पुस्तकातलं. उन्हाळ्यात विलायतेत घड्याळं एक तास पुढे करतात. उजेड वाया जाऊ नये म्हणून. आता फरक साडेचार. मी लिव्हरपूलला स्वतः काटा फिरवलाय."

यावर आनंदीबाई गप्प बसली. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात हे तिला ठाऊक नव्हतं, आणि भिक्याला माहीत असलेली गोष्ट आपल्याला माहीत नाही हे कबूल करण्यापेक्षा गप्प बसणं तिला बरं वाटलं.

शुक्रवारी एक वाजताच मंडळी तिच्या ओटीवर हजर. भिकाजी इस्त्रीच्या शर्टात, रघू लग्नातल्या बुटांत, त्याची आई मथुरा पिशवीत नारळ घेऊन. रघू ओठांतल्या ओठांत "गुड मॉर्निंग सर" घोकत होता.

"मॉर्निंग कसलं? आता दुपार आहे ना?" मथुरा म्हणाली.

"त्याच्याकडे मॉर्निंग, आई. त्याच्या घड्याळाने बोलायचं."

दीड वाजला. फोन गप्प. पावणेदोनला भिकाजीने रिसीव्हर उचलून आत कान घातला, जसा काही साहेब तारेत अडकून बसलाय.

"ठेव तो खाली," आनंदीबाई म्हणाली. "उचलून धरलास तर वाजेल कसा?"

दोन वाजले तसा भिकाजी उठला. "संपलं. गोरा साहेब दिलेली वेळ चुकवत नाही. दीड म्हणजे दीड. बोटीवर जेवणाला मिनिटाचा उशीर झाला तर ताट फिरवायचे. त्याने दुसऱ्याला जागा दिली, दुसरं काही नाही."

"बाबा, थोडं थांबूया. लाईन मिळत नसेल," रघू म्हणाला.

"तू मला लाईन शिकवतोस? चल. गणपतीपुळ्याची एसटी मिळेल. नारळ बोललाय तो फोडून टाकू, निदान पुढच्या वेळेला तरी बाप्पा बघेल."

रघूने आत्याकडे पाहिलं. "थांब" हा एक शब्द तिच्या ओठावर होता. पण साडेचार तासांपुढे तिचं तोंड त्या दिवशी बंद होतं. बापलेक गेले. मथुरा चहाचे कप विसळायला मागे राहिली.

अडीचला फोन वाजला. आधी मुंबईची ऑपरेटर, मग खरखर, मग इंग्रज. आनंदीबाईने आपलं सगळं पुणेरी इंग्रजी पणाला लावलं. उमेदवार आत्ताच बाहेर गेला, तासाभरात आणते, वेळेचा घोटाळा झाला, आपण इथे दीड धरला. साहेब सभ्य होता. म्हणाला, बाई, उन्हाळ्यात आम्ही लंडनची घड्याळं हलवतो, ग्रीनिचची वेळ कधीच हलवत नाही. म्हणून तर सगळ्या बोटींना तीच देतो. मग म्हणाला, ज्याला वेळ काढता येत नाही, त्याला मी पहाऱ्यावर कसा उभा करू?

तिने फोन ठेवला. मथुरा ओल्या हातांनी दारात उभी होती.

"काय म्हणाला, वन्सं?"

"गेली जागा."

मथुरेने हात पदराला पुसले, खाली बसली. मग तिने विचारलं, "पण हे बारा तिकडे वेगळे, इकडे वेगळे, असं कोणी केलं?"

"कोणी केलं नाही. पृथ्वी फिरते, सूर्य पूर्वेकडच्यांना आधी दिसतो. पंधरा अंश फिरायला एक तास लागतो. विलायत आपल्या पश्चिमेला, म्हणून त्यांचा दिवस मागून येतो. ग्रीनिचपासून मोजायला सुरुवात करतात, तो शून्य. शून्य उन्हाळ्यात सरकवून कसं चालेल?"

"आणि आपली वेळ रत्नागिरीवरून मोजतात?"

"आपली कशाला? अलाहाबादच्या बाजूची. साऱ्या देशाला एकच. सूर्य तुझ्या डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा होऊन गेलेले असतात."

"म्हणजे यांच्या दोन्ही हातांवरची खोटीच," मथुरा म्हणाली आणि कप विसळायला उठली.

संध्याकाळी भिकाजी नारळाचा प्रसाद घेऊन आला. सगळं ऐकून घेतलं. आता तरी हा माणूस खाली मान घालेल असं आनंदीबाईला वाटलं होतं.

"साडेचार हे बरोबरच होतं, आक्का," तो म्हणाला. "साहेबाने लंडनची वेळ द्यायला पाहिजे होती."

रघू तिथेच उभा होता. बापाच्या हातातला प्रसाद त्याने घेतला नाही. बूट काढून पिशवीत घातले आणि अनवाणी घरी गेला. आठवड्याने मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात लागला. बापाशी बोलणं कामापुरतं, तेही मथुरेच्या मार्फत.

भिकाजीत काही फरक पडला नाही. दोन्ही घड्याळं जागच्या जागी. पावसाळा सरता सरता आळीतला धाकू विचारायला आला. त्याचा भाऊ मस्कतला, रात्री आठला फोन करतो म्हणून त्याने कळवलं होतं, त्याच्या आठला.

"आपले साडेनऊ," भिकाजी म्हणाला. "मस्कतचा फरक दीड तास. तिथे उन्हाळाबिन्हाळा काही नाही."

रघू पायरीवर बसून सायकलच्या साखळीला तेल घालत होता. मान वर न करता म्हणाला, "धाकू, बाबा सांगतात ती वेळ सोडून कधीही जा."

धाकू हसला. भिकाजी आत निघून गेला.

धाकू तडक आनंदीबाईकडे. "बाई, भिकाजीकाका साडेनऊ म्हणतात. तुम्ही सांगा खरं काय ते."

तिने डॉक्टरांचा जुना नकाशा काढला, चष्मा लावला, बोटाने रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. कुठेतरी चूक सापडावी म्हणून तिने एवढा जीव कधी बी.ए.च्या पेपरालाही लावला नव्हता.

"साडेनऊच," ती म्हणाली. "बरोबर सांगितलंय त्याने."

धाकूने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "मग असं करतो बाई, साडेआठलाच येऊन बसतो. त्यांनी सांगितलंय म्हणजे काही नेम नाही."

साडेआठला तो येऊन बसला आणि तासभर तिचं डोकं खाल्लं. त्या तासात आनंदीबाईने भिकाजीला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या त्याच्या सगळ्या चुकांना मिळूनही कधी दिल्या नव्हत्या.