गुलाबी टाईल्सच्या मागची भिंत

गवंड्यानं पहिली टाईल उचकटली आणि मागून चिखलच खाली आला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, ही भित म्हनायची का भाताचं खाचर?" त्या टाईल्स मीच निवडल्या होत्या, भोरच्या दुकानात अर्धा दिवस उभं राहून.

हिर्डोशीचं आमचं घर दगडमातीचं. सासूबाईंच्या काळी न्हाणीत पाणी तापवायची चूल होती, भिंतीला लागून, आणि वर धूर जायला हातभर झरोका. पावसाळ्याच्या आधी सासूबाई त्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पेंढ्याची जाड झडप बांधायच्या, घाटाकडून येणारी झड भिंतीला लागू नये म्हणून. मला लाज वाटायची. घराला गोधडी पांघरून बसवलंय असं दिसे. सासूबाई गेल्या आणि वर्षाच्या आत मी चूल फोडली, गिझर लावला, गार वारा येतो म्हणून झरोका विटांनी बुजवला, मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं, वर गुलाबी टाईल्स. पेंढा बैलांपुढे टाकला. आळीतल्या बायका बघायला आल्या, तर त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. न्हाणीत! अशी मी शहाणी.

ती चूल रोज पाण्याबरोबर भिंतही तापवत होती, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. सासूबाईंनी सांगितलंही असतं, पण मी कुठं विचारत होते?

तीच भिंत पुढे शेजारच्या खोलीत जाते, तिथं तिला लागून आमच्या ह्यांची खाट. दोन वर्षं झाली, भिंतीला काळी बुरशी आणि ह्यांना धाप. डॉक्टर म्हणाले, ओलीत झोपवू नका. मुलगा म्हणाला, "आई, पावसाच्या आत भिंत सुकली तर ठीक. नाहीतर दोघांनी माझ्याकडे पुण्याला यायचं." पुण्याचं नाव निघालं की ह्यांचा चेहरा बाजाराला काढलेल्या बैलासारखा होतो.

गवंड्यानं टाईल्स काढल्या, सिमेंट खरवडलं, झरोका मोकळा केला. विटांमागं सासूबाईंच्या चुलीची काजळी जशीच्या तशी होती. मला वाटलं, आता नवा गिलावा मारून मोकळा होईल. तर म्हणाला, "एवढ्यात काय बी लावायचं न्हाई. आधी मातीला सुकू द्या, मग चुन्याचा गिलावा. तवर सांजच्याला भितीला प्लास्टिक चिकटवा, कडा चिकटपट्टीनं बंद करा. सकाळी आतून थेंब दिसलं तर भित अजून वली."

म्हणून मग रोज संध्याकाळी प्लास्टिक आणि रोज सकाळी थेंब. अंघोळ गोठ्यात, लुगड्याचा पडदा लावून. गुडघे वाकत नाहीत, बादली उचलत नाही, आणि ज्या बाईवर चिडायचं ती मीच.

"आज कमी दिसत्यात गं," हे म्हणायचे.

"चष्मा लावा, मग बोला."

मे संपत आला. आभाळ घाटावर येऊन बसायला लागलं. एका रविवारी मुलगा भिंत बघायला येणार होता. सकाळी मी फडकं पदराखाली लपवून न्हाणीत गेले. थेंब पुसून प्लास्टिक परत चिकटवायचं, इतकाच बेत होता. आत बघते तर हे आधीच हजर. प्लास्टिकचा एक कोपरा सोडवून टोपीनं आतून पुसतायत.

"लाज न्हाई वाटत, या वयात?" मी म्हटलं.

"तुज्या हातात काय हाय ते दाखव आधी."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता ह्यांना खोकला लागला. तो थांबेचना. त्यांना भिंतीला टेकवलं, तर सदरा पाठीवर ओला झाला.

मी फडकं खाली ठेवलं.

मुलगा आला, तेव्हा प्लास्टिक थेंबांसकट त्याला दाखवलं. म्हटलं, "चार महिने येतो पुण्याला. भात कापायला आम्ही परत हिथं. आणि हा झरोका कुणी बुजवायचा नाही." हे टोपी पिळत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडून पेंढा मागून आणला आणि भिंतीला झडप बांधली. गाठी मला येत नव्हत्या. ह्यांनी बाजेवर बसून एकेक सांगितली, दम खात खात.