निताईभाऊची सुनावणी

कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. आमच्या बाकड्यावर रोजची तीन माणसं ठरलेली. मी, रिटायर्ड अंगणवाडी सेविका सिंधूबाई आणि केसेसपेक्षा चहाचे कप जास्त संपवणारे आमचे वकीलभाऊ. कोणाचा कागद अडला की लोक आमच्याकडेच येतात. यंदा मात्र एकट्या निताईभाऊनं आम्हाला वर्षभराचे किस्से दिले.

निताईभाऊ दोन वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून पूर्व बंगालातून आला. त्या निर्वासितांना सरकारनंच आमच्या गडचिरोली जिल्ह्यात जमिनी दिल्या. आता त्याची साठी उलटली. धान लावतो, मंगळवारच्या बाजारात मासे विकतो आणि आमच्यापेक्षा ठसक्यात इथली बोली बोलतो.

एका सकाळी तो नोटीस घेऊन दुकानात आला. "वाचून दे भाऊ."

मी वाचली. वडिलांच्या काळातले कागद दाखवा, नाहीतर परदेशी समजून देशाबाहेर पाठवू!

"कुठी?"

"बांगलादेशात."

"बाप्पा! अन् मंगळवारी बाजारात कोण बसन?"

आम्ही हसलो. मग त्यानं सोबत आणलेली पत्र्याची पेटी उघडली आणि आमचं हसू थांबलं. जमिनीच्या पट्ट्यासकट सगळे जुने कागद वाळवीनं खाल्ले होते. कचेरीत नक्कल मागितली, तर जुनी फाइल सापडत नाही म्हणाले.

* * *

सिंधूबाईंनी ग्रामसभेचा ठराव करायचं मनावर घेतलं. 'निताई आमचा आहे, त्याला कुठेही पाठवू नये.' सगळ्या गावानं सह्या केल्या. केली नाही ती एकट्या गिरजाबाईनं. तिचं शेत निताईभाऊच्या शेताला लागून आहे आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या दोन घरांचं पिढीजात भांडण आहे.

"एकच विषय ठेवा, दुसरा घुसवू नका," सिंधूबाईंनी गावाला दम दिला होता. पण ग्रामसभाच ती! शेवटी कोणीतरी खाली एक ओळ वाढवलीच. 'शाळेजवळचा हातपंप दुरुस्त करावा.'

आठ दिवसांनी गावात सरकारी जीप आली. निताईभाऊ मागच्या दारानं थेट शेतात, धानाच्या बांधीत! जीपमधून उतरला तो पाना घेतलेला मेकॅनिक.

हातपंप धो धो सुरू झाला. निताईभाऊबद्दल चकार शब्द नाही. संध्याकाळी पहिला हंडा त्यानंच भरला. म्हणाला, "माह्या निमित्तानं काई तं झालं!"

* * *

वकीलभाऊ म्हणाले, "काहीतरी छापील पाहिजे, जुनं."

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. निताईभाऊच्या वडिलांनाही नाटकाचं वेड. एका म्हाताऱ्या नटाच्या घरी त्यांचं नाव छापलेलं पिवळं पडलेलं हँडबिल सापडलं. मी आनंदानं त्याची कलर झेरॉक्स काढली, पैसेसुद्धा घेतले नाहीत. कोणी नीट वाचलं मात्र नाही.

वाचलं ते कचेरीतल्या बाबूनं. "यावर तारीख नाही. आणि तुमच्याच कागदावर लिहिलंय की ह्याचा बाप परदेशी!"

आम्ही वाकून पाहिलं. नावापुढे भूमिका छापली होती. 'गोरा साहेब, ज्याला शेवटच्या अंकात गावकरी हाकलून देतात.'

वकीलभाऊ खिडकीबाहेर पाहायला लागले. निताईभाऊ कळवळून म्हणाला, "पावडर लावून गोरा केला होता जी त्याले!"

* * *

सुनावणीची रंगीत तालीम दुकानातच झाली. सिंधूबाई साहेब झाल्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी आवाज चढवला, "वडिलांचं नाव सांगा!"

निताईभाऊला दरदरून घाम. "आठवून नाई राह्यलं."

वकीलभाऊंनी कपाळावर हात मारला. "अरे, खऱ्या साहेबासमोर काय करशील?"

"खऱ्या साहेबाले मी नाई भेत. त्यानं का माह्या पोराइले पकडून पकडून पोलिओचे डोस पाजले हायेत?"

बाकडं हलेपर्यंत आम्ही हसलो. पण निघताना त्यानं मला हळूच विचारलं, "भाऊ, पाठवलंच तं? तिथी मले ओळखते कोण?" मला फार वाईट वाटलं.

* * *

सुनावणीला अर्धं गाव आलं. वकीलभाऊ अर्धा तास बोलले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वडिलांच्या काळातला एक तरी सरकारी कागद?"

वकीलभाऊ पुन्हा फाइल चाळायला लागले.

तेवढ्यात मागून गर्दी सारत गिरजाबाई पुढे आली. काखेत गाठोडं. ही आता काय सांगते कोण जाणे!

तिनं टेबलावर गाठोडं सोडलं. आत समन्स, अर्ज, नकला, सगळं वर्षावार लावलेलं, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला. वाळवीची काय हिंमत!

"माह्या सासऱ्यानं याच्या बापावर धुऱ्याची केस टाकली होती, त्याचा हा पयला कागद. बापाचं नाव पाहा, गाव पाहा, तारीख पाहा. शिक्का तुमचाच हाय."

साहेबांनी पान न् पान वाचलं. मग चष्मा काढला. "बाई, तुम्ही तर यांच्या विरोधात आहात ना?"

"हाव! म्हणूनच तं आली. हा गेला तं मी भांडू कोणासंग?"

साहेबांना हसू आवरेना. हसत हसतच त्यांनी नोटिशीवर शेरा मारला, 'प्रकरण बंद'. सिंधूबाईंनी पदरानं डोळे पुसले. निताईभाऊ तर रडतच गिरजाबाईच्या पाया पडायला वाकला.

तिनं झटकन पाय मागे घेतले आणि गाठोड्याची गाठ करकचून बांधली.

"पाया काऊन पडतं? सोमवारी तारीख हाय आपली. टायमावर येजो!"