बंड्याची पाच भावंडं कुठं आहेत?

काल सकाळी आमचा बंड्या गेटपर्यंत पळत गेला आणि मेला.

साप नाही. विष नाही. बिबट्या नाही.

चार वर्षांचा डॉबरमन. दूधवाल्याची गाडी वाजली, हा नेहमीसारखा भुंकत सुटला आणि गेटाशी जाऊन आडवा झाला. मला वाटलं नाटक करतोय, कारण नाटकी होताच तो.

मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मंचरच्या डॉक्टरांनी छाती उघडून पाहिली. म्हणाले, "हृदय फुगून मोठं झालंय. या जातीत हे रक्तातून येतं, बाहेरून काही कळत नाही."

आणि मग विचारलं, "याची भावंडं कुठं आहेत?"

कालपासून हा एकच प्रश्न डोक्यात आहे. धड रडताही येत नाहीये. ही पोस्ट शेवटपर्यंत वाचा आणि शेअर करा, हात जोडतो.

बंड्याचं कागदावरचं नाव घरात कुणालाच पाठ नव्हतं. आधी केनेलचं नाव, मग प्रिन्स, मग आणखी काहीतरी इंग्रजी. पूर्ण हाक मारून होईपर्यंत कुत्रा नारायणगावला पोचला असता. आईनं पहिल्याच दिवशी त्याचा बंड्या केला.

केनेल क्लबचं सर्टिफिकेट आलं, तेव्हा आम्ही ओट्यावर बसून वाचलं होतं. डावीकडं बंड्या. त्याच्यापासून दोन फांद्या, वर बाप, खाली आई. पुढं त्यांचे आईबाप, मग त्यांचे. जे चॅम्पियन, त्यांची नावं लाल शाईत.

'बॅरन' हे लाल नाव दोनदा होतं. बापाचा बाप बॅरन, आईचा बापही बॅरन.

आमच्या आईनं गावातली निम्मी लग्नं जमवलीत. तिला मी कागद समजावून सांगितला, तर चष्मा सरळ करून म्हणाली,

"आरं, दोन्हीकडं आजा योकच? मंजी ह्याचं आईबाप भाऊ-भन झालं की! आसली सोयरीक जमवली कुणी?"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

ब्रीडरला फोन करून विचारलंसुद्धा मी. तो ऐटीत म्हणाला, "साहेब, ह्यालाच लाइन ब्रीडिंग म्हणतात. चॅम्पियनचं रक्त डबल!"

काल तोच कागद डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी दोन्ही लाल नावांवर बोट ठेवलं.

"चांगलं डबल होतं, तसं वाईटही होतं. खात्रीनं नाही सांगता येत. पण भावंडांना तपासा, लवकर तपासा."

सात पिल्लं होती.

एक मादी जुन्नरला रफिकभाईंकडं आहे, तिचं नाव राणी. त्यांचा गाद्यांचा कारखाना आहे. आम्ही दोघांनी एकाच दिवशी पिल्लं घेतली, तिथंच ओळख झाली. दर वाढदिवसाला एकमेकांना फोटो पाठवायचो.

काल त्यांना फोन लावला.

"रफिकभाई, बंड्या गेला."

"या अल्ला! कसा काय ओ? आमची राणी तर लई झ्याक हाय. पुढल्या महिन्यात जोडायची व्हती तिला, सर्टिफिकेटवाला नर बघून ठेवलाय."

"जोडू नका. आधी तिच्या छातीची सोनोग्राफी करा."

"काय राव! ती आत्ता कोंबडीमागं पळतीय."

"बंड्यापण पळतच होता."



राहिली पाच.

ब्रीडरचा नंबर लागत नाही. मेव्हण्याला जागेवर पाठवलं, तर केनेल केव्हाच बंद झालंय. तिथं आता गाड्या धुतात.

क्लबला फोन केला. बाई चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "मालकी बदलाचा अर्ज कुणी पाठवलाच नाही. पाचही अजून ब्रीडरच्याच नावावर आहेत."

म्हणजे कागदावर ती पाच पिल्लं अजून तिथंच आहेत, जिथं आता गाड्या धुतात.

संताप होतो माझा. सर्टिफिकेटची फ्रेम करून भिंतीला लावतील, आल्यागेल्याला दाखवतील. नावावर करून घ्या म्हटलं की "बघू की".

आठवतंय तेवढं लिहितो.

एक तपकिरी नर. भीमाशंकर रस्त्याला, तळेघरच्या पुढं एका लॉजवाल्यानं नेला.

एक मादी, छातीवर पांढरा ठिपका. मंचरलाच कुणाच्या तरी कांद्याच्या गोडाऊनवर असते म्हणे.

दोन काळे नर आळेफाट्याकडं एकाच जीपमधून गेले.

शेवटची मादी कुणी नेली, खरंच माहीत नाही.

घरी चार-एक वर्षांचा डॉबरमन असेल तर कागद काढा आणि दोन्ही आजोबांची नावं बघा. दोन्हीकडं लाल बॅरन असेल तर जोडणी थांबवा. छातीची सोनोग्राफी, ईसीजी करा. कागद हरवला असेल तर मानेच्या कातडीखालची नोंदणीची चिप दवाखान्यात स्कॅन करून तिचा नंबर क्लबला कळवा. पाया पडतो, "आमचा ठणठणीत आहे" एवढं म्हणून गप्प बसू नका.

आज दुपारी रफिकभाई राणीला घेऊन आमच्याकडं आले.

बंड्याला चिकूखाली पुरलंय. राणी तिथली ओली माती हुंगत राहिली, मग तिथंच बसली. तेच कान, तीच मान वाकडी करून बघायची खोड. आई आत निघून गेली.

"बघा, काय झालंय का हिला?" रफिकभाई म्हणाले. "उगं घाबरवलं तुमी मला."

मी राणीच्या बरगडीवर हात ठेवला. ठोके चालले होते. मग एक आलाच नाही. मग दोन-तीन घाईघाईनं आले.

रफिकभाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि माझा हात बाजूला करून स्वतःचा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गाडी काढा," आई दारातून म्हणाली. "बसून काय ऱ्हायलाय?"

ही पोस्ट पुण्यातल्या दवाखान्याच्या बाहेर बसून लिहितोय. राणी आत आहे. रफिकभाई शेजारी तिचा पट्टा हातात धरून बसलेत.

बंड्या, तुझ्यापाशी दोन मिनिटं बसताही आलं नाही रे मला. तुझी बहीण आत आहे. बाकीच्यांना शोधतोय, सापडेपर्यंत शोधणार.

गेटचं आम्ही बघतो आता. तू झोप, बाळा.