‘हाव’ आल्याशिवाय नट सोडायचा नाही

ड्रम ब्रेक ज्याने शोधला, त्याचं घरी बायकोशी पटत नसावं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर एवढ्याशा जागेत असल्या आडमुठ्या स्प्रिंगा कोण बसवेल? आधी गंजलेला ड्रमच निघत नाही. हातोडीने ठोकून, शिव्या घालून काढावा, तर स्प्रिंग सुटून रस्त्यापलीकडे उडते. बाजाराच्या दिवशी मला ती एकदा मिरच्यांच्या ढिगात सापडली होती.

माझा मोठा भाऊ मात्र स्प्रिंग अशी उतरवायचा, की आवाजही होत नसे. त्यासाठी त्याने स्वतःच एक आकडा बनवला होता. जुना पेचकस भट्टीत लाल करून टोक वाकवलेलं, आणि टोकाला कानशीने पाडलेली खाच. भाऊ डावखुरा, त्यामुळे आकड्याचा बाकही डाव्या हाताचा. माझ्या हातात तो उलटाच पडायचा. “तुले नाही जमत बे, सरक,” म्हणत तो मला बाजूला सारायचा. तेव्हा राग यायचा. आज कोणीतरी तसं सरकवावं असं फार वाटतं.

मोताळ्यातलं गॅरेज आम्हा दोघांचं. स्प्रिंगा बसवून भाऊची कंबर आखडली, की तो गाडीत चढून बसायचा आणि चाकापाशी मी. ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं काम दोघांचं असतं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा नट ढिला करायचा, मग तेलाबरोबर हवा बाहेर येते. नट उघडा असताना पेडल वर आलं, तर उलट बाहेरची हवा आत शिरते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून आमचा नियम होता. मी विचारायचं, “दाबलं?” तो म्हणायचा, “हाव,” म्हणजे हो. मगच नट सोडायचा.

मागच्या वर्षी भाऊला लकवा झाला. डावा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, हाव. भूक लागली का, हाव. पोट भरलं का, हाव. वहिनीने एकदा रडत विचारलं, “मले ओळखता ना?” त्यालाही हाव. तिला तेवढं पुरलं.

उजवा पाय मात्र धड होता, आणि पेडल उजव्याच पायाचं. एवढ्यावर मी आशा बांधली. हात गेला तर गेला, भाऊ पेडलवर तरी बसेल. वहिनी म्हणाली, “न्या ना भाऊजी. घरी नुसते भिताडाकडे पाहत रायतात.”

प्रवासी भरणारी एक काळीपिवळी जीप ब्रेकच्या कामाला आली होती. भाऊला धरून सीटवर बसवलं, पाय पेडलवर ठेवून दिला. त्याचा चेहरा फुलला. चाकापाशी बसलो, विचारलं, “दाबलं?”

“हाव.”

नट सोडला. तेल आलं, पण बुडबुडे थांबेनात. पुन्हा विचारलं, पुन्हा हाव, पुन्हा बुडबुडे. नट खराब असेल म्हणून बदलला. शेवटी उठून पाहिलं. भाऊ पेडल दाबत होता, मध्येच सोडत होता, पाय खाली ठेवत होता, आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला हसून हाव म्हणत होता.

गाडीचा ड्रायव्हर बाजूलाच उभा होता. हळूच मला म्हणाला, “मले राजूर घाट उतरायचा हाय ना, भाऊ. आत माणसं बसतात.” त्याचं काय चुकलं? मी भाऊला खाली उतरवलं.

संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून विचारलं, “भाऊ, उद्यापासून घरीच रायशील का?”

“हाव.”

सकाळी पाहतो तर दारात उभा. अंगात तेलकट शर्ट, गुंड्या वरखाली लावलेल्या, उजव्या हातात तो आकडा. मी विचारलं, “गॅरेजवर येतं?” तो म्हणाला, “हाव.”

आता तो रोज बाहेरच्या बाकावर असतो. पेडल ज्याची गाडी तो दाबतो. मी चाकापाशी बसून विचारतो, “दाबलं?” पहिला ‘हाव’ बाकावरूनच येतो, अगदी पूर्वीच्याच आवाजात, आणि माझा हात सवयीने नटाकडे जातो. तो हात मी आवरतो आणि गाडीतल्या माणसाच्या उत्तराची वाट पाहतो.