मिठाची थैली

आर्ताशात शहराच्या सुभेदाराकडे ताचात बावीस वर्षं मीठ पोचवायच्या कामावर होता. दोन घराण्यांत वितुष्ट आलं की सुभेदार चामड्याच्या थैलीत मूठभर मीठ घालून तिच्यावर आपली मोहोर उठवी. ज्याला ती थैली मिळेल त्याने निर्धास्त यावं, त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा तो शब्द असे. पण डोंगरातले सरदार मोहोर बघत नसत, ते ताचातचं तोंड बघत.

त्या शरद ऋतूत पार्थियाहून राश्नक नावाचा नवा सुभेदार आला. डोंगरातल्या एका गडाचा सरदार बाबिक त्याला जुमानत नव्हता. राश्नकने त्याच्याकडे मीठ धाडलं.

"ताचात, खरं आहे ना रे मीठ?" बाबिकने विचारलं.

"माझ्या हातानं आणलंय, सरदार."

एवढ्यावर बाबिक दोन स्वार घेऊन गड उतरला. तिसऱ्या दिवशी, मेजवानीच्या पंगतीतून उठवून राश्नकच्या माणसांनी गळा आवळून त्याला मारलं. शत्रूला, रोमी लोकांना, बाबिकने चोरून पत्र लिहिलं होतं म्हणे. ते पत्र कोणी पाहिलं नाही.

ताचात तेव्हा घरी खेचरांना पेंढा टाकत होता. बातमी ऐकून तो तिथेच खाली बसला.

"अहो, तुमचा काय दोष?" त्याची बायको नाझेनी म्हणाली. "तुम्ही नुसतं नेऊन दिलंत."

"दुसऱ्या कोणी नेलं असतं तर तो आला नसता. मी नेलं म्हणून आला."

पंधरा दिवसांनी राश्नकने त्याला पुन्हा बोलावलं. गडावर आता बाबिकची विधवा झारुही होती, आणि सात वर्षांचा वारस, आर्शाम. राश्नकच्या पुढ्यात नवी थैली होती.

"हुजूर, मागच्या मिठाचं काय झालं ते साऱ्या मुलखाला ठाऊक आहे."

राश्नक हसला. "बाईमाणूस आहे, तुझ्याकडे बघून येईल. माझं मीठ खातोस ना? मग जाग त्याला!"

ताचातने थैली उचलली. घरी येऊन नाझेनीला म्हणाला, "शेळी घे आणि आजच नदीपलीकडे भावाकडे जा. मी बोलावीन तेव्हाच ये."

तिने वाटेसाठी भाकरी आणि सुके जर्दाळू त्याला बांधून दिले.

गडाच्या दरवाज्यावर त्याच्यावर दगड पडले. कपाळातून रक्त वाहत असतानाच तो झारुहीसमोर उभा राहिला.

"बाईसाहेब, हे मीठ खोटं आहे. खाली उतरू नका. येताना पाहिलं, पुलाजवळ शंभर स्वार दबा धरून आहेत."

"मग आलास कशाला?"

"मी आलो नसतो तर दुसरा आला असता. आणि तो गोड बोलला असता."

"हे माझ्या धन्याला सांगायचं होतंस."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक करून घ्यायचं होतंस!" तिचा आवाज फाटला. "बावीस वर्षं लोक तुझ्या तोंडाकडे बघून जीव धोक्यात घालत होते. तू एकदा तरी तुझ्या धन्याला विचारलंस?"

म्हाताऱ्या किल्लेदाराने तलवारीला हात घातला, पण झारुहीने त्याला अडवलं. "पाणी वाहू दे याला," एवढंच म्हणून ती आत गेली.

त्या हिवाळ्यात राश्नकने गडाला वेढा घातला. ताचात गोठलेल्या झऱ्यातला बर्फ फोडून खांद्यावरून पाणी आणी. त्याच्या पायाची दोन बोटं झडली. वसंतात राश्नकच्या चुलतभावांनीच पार्थियाच्या दरबारात त्याच्यावर फितुरीचा आळ घातला आणि दरबाराने त्याला माघारी बोलावलं. वेढा उठला. नाझेनी शेळीसकट गडावर आली आणि दोघं खेचरांच्या तबेल्याशेजारी राहू लागली. झारुही मात्र मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

आर्शाम वीस वर्षांचा झाला तेव्हा खोऱ्यातल्या घराण्याशी तह करायची वेळ आली. तो तबेल्यात आला.

"ताचातबाबा, मीठ न्याल? तुमच्याइतकं हे काम कुणाला येत नाही."

"नको, धाकले सरदार. दुसऱ्याच्या शब्दाला मी आता जामीन राहणार नाही. तुम्ही स्वतः जा. हत्यार न घेता जा."

"आणि त्यांनी मारलं तर?"

"तर तुमच्याआधी मला मारतील. पुढे मी चालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्शामच्या खेचराचा लगाम धरून लंगडत लंगडत तो गड उतरू लागला.