झिऱ्याची वाट

साखरखेर्ड्याच्या देवानंदला डांबरी रस्त्याचं वावडंच होतं. त्याची मोटरसायकल नंबरप्लेटवाली, कागदपत्रं चोख, पण टायर रानात चालणारे. आठवडाभर चिखलीला नोकरी आणि रविवारी शेताशेतांतल्या जुन्या गाडवाटा धुंडाळायच्या. मोबाइलमधला नकाशा त्याच्या कामाचा नव्हता. असल्या वाटा फक्त म्हाताऱ्यांना ठाऊक, म्हणून तो ओट्याओट्यावर विचारत फिरायचा.

अशीच एक वाट त्याला त्याच्या आत्यानं, जनकाबाईनं सांगितली. ती बौद्ध वस्तीच्या मागून निघून ओढ्यातल्या झिऱ्यापर्यंत, म्हणजे पाणी पाझरणाऱ्या खड्ड्यापर्यंत जायची. झिरा कधीच आटला होता, वाट मात्र शाबूत होती. खडक, चढ, बाभळीचे काटे आणि वळणावर वळण. देवानंद धुळीनं माखून परतला तो पोरासारखा हसतच.

"आत्या, असा रस्ता साऱ्या जिल्ह्यात नाही! पण झिरा तं समोरच हाये. एवढा फेरा कोनं काढला वं?"

जनकाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आमीच. समोरून गेलं की गावाची विहीर लागे. तिच्या जवळून आमाले घागरी घेऊन जाऊ देत नव्हते. मंग काट्यातून जात गेलो. पायानंच पडली ती वाट."

देवानंदचं हसू मावळलं. हेल्मेट खाली ठेवत तो पुटपुटला, "आता नाही जात मी तिकडं."

"काऊन?" म्हातारी कडाडली. "जाय ना! त्या वाटेनं कोनी हसत आलेलं मी आज पह्यल्यांदा पाह्यलं."